त्रेचाळीस जागा मोजल्या, दिवस कोण मोजणार?

निकाल लागून गुलाल धुतला जातो न जातो तोच कोल्हापुरात हिशेब सुरू होतो: जिल्ह्याच्या वाट्याला लाल दिवे किती? गाडीवरचा दिवा १ मे २०१७ पासून उतरला, बोलण्यातला उतरलेला नाही. २०१९ च्या मंत्रिमंडळात जिल्ह्याला तीन मंत्रिपदे होती. हसन मुश्रीफ कॅबिनेट मंत्री, तर सतेज पाटील आणि राजेंद्र पाटील-यड्रावकर राज्यमंत्री. डिसेंबर २०२४ मध्ये दोन मिळाली, हसन मुश्रीफ आणि प्रकाश आबिटकर. शेजारच्या साताऱ्यात आठ आमदारांमागे चार मंत्री झाले. सांगलीत आठांमागे एकही नाही, सोलापुरात अकरांमागे एकही नाही. कोल्हापूरचे दहाच्या दहा आमदार सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे असताना दोनच पदे का, ही खंत बिंदू चौकात, मिरजकर तिकटीला आणि गडहिंग्लजच्या बाजारात सारखीच बोलली गेली.

खंत खरी आहे. पण ज्या आकड्याने जिल्ह्याचे सगळ्यात जास्त नुकसान होते तो या हिशेबात येतच नाही. तो आकडा मंत्र्यांचा नाही, दिवसांचा आहे. निकालापासून शपथविधी किती दिवसांनी, तिथून विस्तार किती दिवसांनी, मग खातेवाटप आणि सगळ्यात शेवटी पालकमंत्री. यांतल्या एकाही टप्प्याला आपल्याकडे कायद्याने मुदत नाही. ती असली पाहिजे.

घटनेत काय आहे ते आधी पाहू. अनुच्छेद १६४ प्रमाणे राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतात आणि मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची. पूर्वी संख्येला धरबंद नव्हता. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांचे मंत्रिमंडळ ९३ जणांचे झाले होते. मग २००३ ची ९१ वी घटनादुरुस्ती आली आणि मुख्यमंत्र्यासह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर जाऊ नये असे ठरले. आपल्या २८८ चे १५ टक्के ४३.२ होतात, मर्यादा ओलांडायची नसल्यामुळे ४३ धरायचे. त्याच पोटकलमात दुसरी अट आहे, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही: ही संख्या १२ पेक्षा कमी असू नये. म्हणजे घटनेने वरचा आकडा दिला, खालचाही दिला. खालचा आकडा कधीपर्यंत गाठायचा एवढे मात्र लिहिलेले नाही, आणि सगळा घोळ त्या न लिहिलेल्या ओळीत आहे.

३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली. पुढचे १८ मंत्री आले ते ९ ऑगस्टला. मधले चाळीस दिवस महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ दोघांचे होते. या दोघांनी पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी केला, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नावांना मान्यता दिली. म्हणजे निर्णय घ्यायला दोघे पुरले. पण जुलै म्हणजे कोल्हापूरकराने रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहण्याचे दिवस. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. मदत व पुनर्वसन, जलसंपदा, कृषी, सार्वजनिक आरोग्य, सार्वजनिक बांधकाम या सगळ्या खात्यांना त्या दिवसांत स्वतंत्र मंत्री नव्हता. मंत्र्यांपुढे चालणारी अपिले इतकी तुंबली की ऑगस्टच्या सुरुवातीला ती सुनावणी सचिवांकडे सोपवण्याची वेळ आली. विस्तारानंतर खातेवाटप १४ ऑगस्टला झाले आणि पालकमंत्री २४ सप्टेंबरला ठरले. शपथविधीपासून ८६ वा दिवस.

ही एका पक्षाची किंवा एका आघाडीची सवय नाही. २०१९ मध्ये निकाल २४ ऑक्टोबरला लागला. मधे राष्ट्रपती राजवट येऊन गेली, मग २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांच्यासह सात जणांनी शपथ घेतली आणि हे सात जण ३० डिसेंबरपर्यंत सातच राहिले. बाराची अट ३२ दिवस तशीच पडून होती. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांच्यासह नऊ जण मंत्री झाले आणि बारा दिवस खात्याविना राहिले.

२०२४ चे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे, कारण तिथे बहुमताची शंकाच नव्हती. तीन पक्ष एकत्र लढले होते. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१, असे २३० जण. निकाल २३ नोव्हेंबरला, मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्र्यांचा शपथविधी ५ डिसेंबरला, ३९ मंत्र्यांचा नागपुरात १५ डिसेंबरला, खातेवाटप २१ डिसेंबरला, पालकमंत्र्यांची यादी १८ जानेवारी २०२५ रोजी. निकालापासून छप्पन्न दिवस. त्यातही रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली आणि ती पदे पुढे महिनोन्महिने रिकामी राहिली.

वेळ जातो कुठे? संख्यावाटपाचा घोळ फार मोठा नसतो, ते गणित आहे. ४२ मंत्र्यांत भाजपला २०, शिवसेनेला १२, राष्ट्रवादीला १० पदे मिळाली. आमदारांच्या प्रमाणात काटेकोर वाटणी केली असती तर आकडे साधारण २४, १० आणि ८ झाले असते. लहान भागीदाराला प्रमाणापेक्षा जास्त द्यावे लागते, कारण त्याच्याकडे आमदार कमी असले तरी नाराज होऊ शकणारे नेते कमी नसतात. एवढे एका बैठकीत ठरू शकते. खरी ओढाताण असते ती खात्यांची. गृह कुणाकडे, अर्थ कुणाकडे, नगरविकास कुणाकडे. मग एका खात्याचे दोन तुकडे करायचे. जलसंपदा त्याच खातेवाटपात खोऱ्यांप्रमाणे दोघांत विभागले गेले. गोदावरी आणि कृष्णा खोरे एका मंत्र्याकडे, विदर्भ, तापी आणि कोकण दुसऱ्याकडे.

तुकडे पडले की काय होते ते पंचगंगेच्या काठावर उभे राहून पाहावे. नदीत कोल्हापूर आणि इचलकरंजी महापालिकांचे सांडपाणी येते, तो विषय नगरविकासचा. काठच्या गावांचे सांडपाणी ग्रामविकासचे. कारखान्यांचे पाणी उद्योग आणि पर्यावरण यांच्या सीमेवरचे, बंधाऱ्यातून पाणी कधी सोडायचे ते जलसंपदाचे. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याशी मेलेले मासे तरंगू लागले की या पाच मंत्र्यांना एका टेबलाशी बसवणारा माणूस लागतो. तो अधिकार मुख्यमंत्र्याचा, आणि जिल्ह्यापुरता व्यवहारात पालकमंत्र्याचा. तोच नसेल तर पाच खाती एकमेकांना पत्रे पाठवत राहतात.

याची चांगली बाजूही कोल्हापूरने अनुभवली आहे, ती सांगायला हवी. डिसेंबर २०२४ च्या वाटपात सार्वजनिक आरोग्य आबिटकरांकडे आले आणि वैद्यकीय शिक्षण मुश्रीफांकडे. बाहेरून ही दोन वेगळी खाती वाटतात. राधानगरीच्या ग्रामीण रुग्णालयातून गुंतागुंतीची बाळंतीण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवली जाते तेव्हा ती वाटेत एका खात्यातून दुसऱ्यात जाते. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे सार्वजनिक आरोग्यचे, आणि सीपीआर हे राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणून वैद्यकीय शिक्षणचे. डॉक्टरांच्या जागा, औषधखरेदी, यंत्रांची दुरुस्ती यांच्या दोन वेगळ्या रांगा. ही दोन्ही खाती एकाच जिल्ह्यातल्या दोघांकडे असणे हा योग चार जास्तीच्या राज्यमंत्रिपदांपेक्षा मोलाचा आहे. म्हणून ‘किती मिळाले’ या प्रश्नाआधी ‘कोणते खाते, कधीपासून’ हा प्रश्न विचारावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. राज्यमंत्र्याचे तर आणखी वेगळे असते. कोणते विषय त्याच्याकडे सोपवायचे याचा आदेश निघेपर्यंत त्याच्या दालनात हारतुरे येतात, फायली येत नाहीत. २०२२ ते २०२४ च्या सरकारात तर २९ मंत्री कॅबिनेट दर्जाचे होते, राज्यमंत्री एकही नव्हता आणि १४ जागा शेवटपर्यंत रिकाम्या होत्या.

आता पालकमंत्र्याकडे येऊ, कारण जिल्ह्याला खरी झळ तिथे बसते. पालकमंत्री हे पद घटनेत नाही. पण ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ झेडडीप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला नियोजन समिती हवी, आणि तिचा अध्यक्ष कसा निवडायचा ते ठरवण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे. महाराष्ट्राने १९९८ च्या कायद्याने जिल्ह्याच्या प्रभारी मंत्र्याला, म्हणजे पालकमंत्र्याला, अध्यक्ष केले. जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. समितीतले चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, जिल्हा परिषदेची २०२२ मध्ये, आणि पुढे दोन्हीकडे वर्षानुवर्षे प्रशासक राहिले. ज्यांनी निवडून यायचे ते सभागृहातच नव्हते, म्हणजे समितीचे सारे वजन अध्यक्षावर आले. अध्यक्षही नसला की जिल्हा वार्षिक योजना नुसती जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कपाटात राहते.

एक साधे काम घेऊ. गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीवरची दोन खोल्यांची शाळा. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, एका वाशाला वाळवी. मुख्याध्यापकांचे पत्र केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत जाते, शाखा अभियंता येऊन मोजमाप घेतो, अंदाजपत्रक करतो. शिक्षण विभाग प्रस्ताव नियोजन समितीकडे पाठवतो. समितीत काम मंजूर झाले की प्रशासकीय मान्यता, तिच्यानंतर तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. कुठेही अडले नाही तरी या साखळीला तीन-चार महिने लागतात. गगनबावड्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरपर्यंत छपराला हात लावता येत नाही. म्हणजे मंजुरी ऑक्टोबरपर्यंत पडली तर काम फेब्रुवारीत सुरू होऊन मेमध्ये संपते. मंजुरी फेब्रुवारीत पडली तर कार्यारंभ आदेश मेअखेर किंवा जूनमध्ये हातात येतो आणि मुले आणखी एक पावसाळा गळक्या खोलीत बसतात, किंवा दोन्ही वर्ग व्हरांड्यात एकत्र. छप्पन्न दिवसांचा उशीर हा मंत्रालयात छप्पन्न दिवसांचा असतो, त्या वाडीत तो एका वर्षाचा होतो.

२०२४-२५ या आर्थिक वर्षाचे उदाहरण घ्या. १६ मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लोकसभेची आचारसंहिता, १५ ऑक्टोबरपासून विधानसभेची, आणि ती संपल्यावर १८ जानेवारीपर्यंत पालकमंत्री नाही. १८ जानेवारी ते ३१ मार्च हे ७२ दिवस उरले. त्यात पुढच्या वर्षाचा आराखडाही करायचा. जिल्हा परिषदेला हा निधी खर्चायला दोन वर्षे मिळतात, पण इतर यंत्रणांचा पैसा मार्चअखेर परत जातो. मग शेवटच्या आठवड्यात कोषागारात देयकांची रीघ लागते, आणि निकड कशाची आहे यापेक्षा लवकर काय विकत घेता येईल ते ठरते. इमारतीची दुरुस्ती मागे पडते, संगणक आणि खुर्च्या पुढे येतात. यात अधिकाऱ्याची लबाडी असायलाच हवी असे नाही. बांधकामाला वेळ लागतो, खरेदीला लागत नाही, एवढेच.

२०२२ मध्ये तर दुहेरी फटका बसला. सरकार बदलताच जुलैच्या सुरुवातीला १ एप्रिलनंतर मंजूर झालेल्या जिल्हा योजनेच्या कामांना स्थगिती आली, आणि नवे पालकमंत्री आढावा घेतील मग बघू असे ठरले. नवे पालकमंत्री आले सप्टेंबरच्या शेवटी. कोल्हापूरची जबाबदारी सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर यांच्याकडे आली, त्यांच्याकडे मुंबई शहर जिल्हाही होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुश्रीफांकडे गेली, जानेवारी २०२५ मध्ये आबिटकरांकडे. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये बाळासाहेब थोरात यांचे नाव जाहीर होऊन मग सतेज पाटील आले होते. पाच वर्षांत जिल्ह्याने चार पालकमंत्री पाहिले. दरवेळी नव्याने आढावा, नव्याने प्राधान्यक्रम. आणि २०२५ च्या यादीत मुश्रीफांना मिळाला वाशीम. पुढे त्यांनी ती जबाबदारी सोडली. कागलचा माणूस वाशीमला आणि कोथरूडचे आमदार चंद्रकांत पाटील सांगलीला, ही रचना पक्षांचा समतोल राखते, जिल्ह्याची ओळख नसलेल्या माणसाकडून जिल्ह्याचे नियोजन मात्र करून घेते.

आणखी एक उदाहरण सीमेपलीकडचे, पण आपल्या उंबऱ्याशी भिडलेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली होते. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातून विसर्ग किती, हा त्या दिवसांत जीवनमरणाचा प्रश्न होता. त्या वेळी कर्नाटकात येडियुरप्पा यांनी २६ जुलैला शपथ घेतली होती आणि त्यांचे मंत्री २० ऑगस्टला आले. पूर सुरू असताना कर्नाटकचे मंत्रिमंडळ एका माणसाचे होते, आणि बेळगाव जिल्हाही बुडालेला होता. त्या पुराला हे कारण होते असे कुणी म्हणू नये, पाऊसच तसा होता. पण आपल्या जलसंपदामंत्र्याने पलीकडच्या जलसंपदामंत्र्याला फोन करायचा तर पलीकडे ते पदच भरलेले नव्हते. दोन राज्यांतल्या धरणांचा ताळमेळ एका मुख्यमंत्र्याच्या फोनवर टांगलेला ठेवणे हा धोका आहे, मग ते मुख्यमंत्री कितीही कार्यक्षम असोत.

आघाडी सरकारांना वेळ लागणारच, असे यावर सांगितले जाते. तीन पक्षांची बोलणी एका रात्रीत होत नाहीत, हे मान्य. पण बोलणी लांबतात त्याचे एक कारण ती लांबवता येतात हे आहे. ज्या दिवशी मुदत असते त्या दिवशी तोडगा निघतो. पंचायतीपासून विधानसभेपर्यंत उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला सगळ्या पक्षांचे सगळे वाद मिटतात, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मंत्री निवडणे हा मुख्यमंत्र्यांचा अधिकार आहे, हा दुसरा आक्षेप. आहेच. कुणाला घ्यायचे यात मुदत ढवळाढवळ करत नाही. घटनेने इतर ठिकाणी वेळ बांधलीच आहे. सभागृहाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिने, दोन अधिवेशनांत जास्तीत जास्त सहा महिने. बाराची अट कधीपर्यंत, एवढेच सांगायचे राहिले.

ही घटनादुरुस्ती संसदेची, तिला वेळ लागेल. तोवर राज्याच्या हातात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही मुंबईत होऊ शकतात. अनुच्छेद १६६ (३) खालची शासन कार्यनियमावली राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बदलू शकतात. खात्यांची वाटणी याच नियमावलीखाली होते, म्हणून तिला मुदत घालायची जागाही तीच. आणि १९९८ चा जिल्हा नियोजन समिती कायदा विधिमंडळाचाच आहे. तिथे पालकमंत्री नसतानाच्या काळासाठी अध्यक्षाची सोय करता येते. जिल्हा परिषद अध्यक्ष असतील तर ते, नसतील तर विभागीय आयुक्त, आणि त्यांना फक्त आधीच आराखड्यात असलेल्या कामांना मान्यता देण्याचा अधिकार. नवी कामे घुसवण्याचा नाही, मंजूर कामे थांबवण्याचाही नाही. ही शेवटची अट आवश्यक आहे, नाहीतर सोय म्हणून आणलेली तरतूद उद्या नव्या स्थगितीचे हत्यार होईल.

जिल्ह्यातले मंत्री नसलेले आमदार पक्ष विसरून एक अशासकीय ठराव आणि एक अशासकीय विधेयक मांडू शकतात. नियमावलीतला बदल दोन वाक्यांचा आहे: ‘मुख्यमंत्र्यांनी पदाची शपथ घेतल्यापासून पंधरा दिवसांच्या आत किमान बारा मंत्र्यांना कामकाज वाटून दिले जाईल, आणि त्यानंतर शपथ घेणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला शपथेपासून तीन दिवसांच्या आत. त्यापुढील सात दिवसांत प्रत्येक जिल्ह्याच्या प्रभारी मंत्र्याची नेमणूक होईल व ती राजपत्रात प्रसिद्ध केली जाईल.’ कायद्यातली दुरुस्ती कलमाला जोडायच्या एका परंतुकाची आहे, आणि तिचा मजकूर वर दिलाच आहे.